चिलखताला चढलेला तांबेरा

खताची रिकामी प्लास्टिकची गोणी, तिचं तोंड सुतळीनं आवळलेलं, आणि आत वर्षभर गुंडाळून पडलेलं चिलखत. भवानीनगरजवळच्या एका वस्तीवरच्या मंडळानं ते शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी करून घेतलेलं. १९ फेब्रुवारी आठवड्यावर आली म्हणून गोणी सोडली, तर चिलखताऐवजी तांबूस गोळाच बाहेर आला. कडीत कडी घट्ट धरलेली. झटकल्यावर विटकरीच्या भुकटीसारखी धूळ उडाली आणि ओल्या लोखंडाचा तो ओळखीचा, जिभेवर येणारा वास सुटला. आदल्या वर्षी ज्या पोरानं ते घातलं होतं, त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर गळ्याभोवती तांबडे डाग पडले होते. त्याच्या आईनं साबणानं घासघासून पाहिलं, पण गंजाचा डाग साबणाला दाद देत नाही. त्याला लिंबू लागतं. ते का, हे पुढं येईलच.

चूक कुठं झाली होती, ते पोरांशी दोन गोष्टी बोलल्यावर कळलं. चार तास उन्हात, घामानं भिजलेल्या अंगावर चिलखत होतं. मिरवणूक संपली तशी सगळे दमलेले, त्यामुळं ते तसंच गोणीत कोंबलं आणि गोणी आवळून माळ्यावर टाकली. पाणी आत येऊ नये म्हणून प्लास्टिक वापरलं होतं. प्रत्यक्षात आतला घाम बाहेर जाऊ नये अशी सोय झाली.

आमच्याकडं जुनी माणसं गंजाला ‘तांबेरा’ही म्हणतात. उसाच्या पानावर, गव्हावर येतो तो तांबेरा हा खरं तर बुरशीचा रोग. त्याचे तांबूस-केशरी ठिपके बोटाला लागतात, अगदी लोखंडाच्या गंजासारखे. एक जिवंत बुरशी आणि दुसरं निव्वळ रसायन, तरी एकच नाव पडलं, आणि ते पाडणाऱ्याची नजर मोठी पक्की असली पाहिजे. दोघांनाही ओल लागते, दोघेही एका ठिपक्यापासून सुरू होतात, आणि ठिपका दिसला तेव्हाच दखल घेतली नाही तर पुढं रान आवरत नाही.

लोखंड खाणीतून निघतं तेव्हा ते लोखंड नसतंच. ते ऑक्सिजनशी जोडलेलं असतं, लाल-काळ्या मातीसारखं. भट्टीत कोळशाच्या मदतीनं तो ऑक्सिजन काढून घेतला की धातू मोकळा होतो. त्यानंतर त्याची ओढ कायम परत त्याच अवस्थेकडं असते. कोरड्या हवेत तो परत जाऊ शकत नाही. त्याला पाण्याचा पातळसा थर लागतो. लोखंडावर पाण्याचा एक थेंब पडला की तिथं एक इवलीशी बॅटरी तयार होते. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्ये पोचत नाही. मग थेंबाखालच्या मधल्या भागातलं लोखंड विरघळू लागतं, कडेशी त्याचा गंज जमतो. या बॅटरीतून वीज वाहायला मदत करतं ते मीठ. घामात मीठ असतंच. म्हणून साध्या पाण्यानं भिजलेल्या चिलखतापेक्षा घामानं भिजलेलं चिलखत कितीतरी लवकर गंजतं, आणि नुसत्या बोटांचे ठसेसुद्धा काही दिवसांनी तलवारीच्या पात्यावर तपकिरी होऊन उमटतात.

ॲल्युमिनियमवरही हवेनं थर चढतो, पण तो घट्ट बसतो आणि खालच्या धातूला झाकून ठेवतो. लोखंडाचा तांबडा गंज तसा नाही. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, फुगतो, भुसभुशीत होऊन सुटतो आणि स्पंजासारखा ओल धरून ठेवतो. म्हणजे गंज स्वतःच पुढच्या गंजाची तजवीज करतो. हवेतला दमटपणा साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर गेला की हा वेग झपाट्यानं वाढतो.

या हिशेबानं आमचा बारामती-इंदापूरचा पट्टा लोखंडाला मानवायला हवा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख, वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तिकडं कोकणात त्याच्या पाचपटीहून जास्त कोसळतो, वर समुद्राची खारी हवा. तिथल्या घराच्या कडी-कोयंड्यांना जे दोन पावसाळ्यांत होतं, ते आमच्याकडं व्हायला दहा वर्षं लागावीत. पण नीरा डावा कालवा आला, ऊस आला, आणि बारमाही ओल आली. हिवाळ्यात पहाटे उसाच्या फडात दव असं पडतं की पाऊलवाटेनं गेलं तर धोतर गुडघ्यापर्यंत भिजतं. रात्रभर गार पडलेल्या लोखंडावर तेच दव बसतं. पाण्याच्या सढळ वापरानं कित्येक जमिनी क्षारपड झाल्या, आणि अनेक ठिकाणच्या बोअरचं पाणी भांड्यावर पांढरा थर सोडतं. अशा खारवट पाण्यानं चिलखत धुऊन ते आपोआप वाळू देणं म्हणजे घाम धुऊन पुन्हा घाम लावणं.

आता चिलखताचीच गंजाशी एवढी जवळीक का, ते पाहू. आपल्याकडं कवचाचे दोन मुख्य प्रकार होते. एक पत्र्यांचं. त्यातलं चारआईना म्हणजे छातीला, पाठीला आणि दोन्ही कुशींना एकेक अशा चार पोलादी पाट्या, आरशासारख्या घासलेल्या. नावातच आईना आहे. दुसरं कड्यांचं. फारसीत कड्यांच्या कवचाला जिरह म्हणतात, आपल्या जिरेटोपातलं जिरे ते हेच. कड्यांच्या चिलखतात प्रत्येक कडी चार शेजारणींत अडकवलेली असते, आणि चांगल्या कामात प्रत्येक कडीचं तोंड चपटं करून त्यात बारीक रिवेट ठोकलेला असतो. कापडासारखं ते अंगावर पडतं, घोड्यावर बसता येतं, हात उचलता येतो.

मी मंडळाच्या चिलखताची एक कडी मोजून पाहिली. तार सव्वा मिलिमीटरला थोडी कमी जाड, कडीचं आतलं तोंड आठ मिलिमीटर. अशा एका कडीचा सगळा पृष्ठभाग भरतो जेमतेम एक चौरस सेंटिमीटर. पण अख्ख्या अंगरख्याएवढ्या चिलखताला अशा पंचवीस हजारांच्या आसपास कड्या लागतात. गुणाकार केला तर वजन सहा-साडेसहा किलो आणि पृष्ठभाग पावणेतीन चौरस मीटर होतो, म्हणजे घराच्या दीड दाराएवढा. तेवढ्याच वजनाच्या दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा पृष्ठभाग, दोन्ही बाजू धरून, एक चौरस मीटरच्या थोडासा वर जातो. म्हणजे तेवढ्याच लोखंडाला अडीचपट अंग उघडं. शिवाय पत्रा फडक्यानं पुसता येतो. कड्यांच्या जोडाशी, जिथं कडीला कडी टेकते, तिथं पाणी केसासारख्या फटीत धरून राहतं. फडकं तिथं पोचत नाही आणि हवाही नीट पोचत नाही. तार बारीक असल्यानं तोटाही मोठा. सर्व बाजूंनी एक दशांश मिलिमीटर लोखंड गेलं तर पत्र्याला ते जाणवणार नाही. या तारेचा मात्र छेद जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. आणि जोडाशी कडी सगळ्यात आधी झिजते, नेमकी ओढ जिथं बसते तिथं.

अंगरख्याखाली असं चिलखत घालून शिवाजी महाराज १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाला भेटले, ही कथा लहानपणापासून आपल्या कानावर आहे. जावळीचं खोरं म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत पावसाळी भागांपैकी एक. भेटीच्या आधीच्या पावसाळ्यात चार महिने तिथं कपडे वाळले नसतील. त्या पावसाळ्यात गडावरचं सगळं पोलाद कुणी, कसं राखलं असेल, हा विचार मला त्या प्रसंगाइतकाच खिळवून ठेवतो. तेल लावणाऱ्या त्या हातांची नोंद कुठं होत नाही.

अगदीच होत नाही असं मात्र नाही. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमाराचं. राज्य कसं चालवावं, गड कसे राखावे, हे त्यात सांगितलं आहे. गडाच्या प्रकरणात अमात्य पावसाळ्यातल्या तोफांबद्दल लिहितात. तोफांना आणि दरवाज्यांना तेल-मेण द्यावं, तोफेच्या कानात, म्हणजे बत्ती देण्याच्या भोकात, मेण दाटून बसवावं, आणि तोफ भिजणार नाही असं आच्छादन वरून घालावं. दारूगोळ्याबद्दलही तसंच: ठरावीक दिवसांनी बाहेर काढून ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावं. तीनशे वर्षांपूर्वीचा हा कारभारी माणूस गंजाची तिन्ही दारं ओळखून होता. पृष्ठभागावर तेलामेणाचा थर द्या, ओल धरणारी फट बुजवा, आणि वरून पाणी येऊ देऊ नका. आजचं कुठलंही गंजरोधाचं पुस्तक उघडा, धडे हेच असतात. फक्त शब्द लांबलचक झालेत.

मराठ्यांची फौज पावसाळ्यात छावणीला बसायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायची. त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी, शस्त्रांची पूजा. पाऊस सरलेला, हवा कोरडी होऊ लागलेली, आणि चार महिने ठेवणीत पडलेलं प्रत्येक हत्यार त्या दिवशी हातात घेऊन पुसलं जायचं. गंज पकडायला वर्षातला याहून योग्य दिवस शोधून सापडणार नाही. आज आमच्याकडं त्या दिवशी ट्रॅक्टर, नांगर, पाने-पक्कड, कारखान्यातली यंत्रं पूजली जातात. एक गोष्ट मात्र मी घरोघर पाहतो. तलवारीला किंवा कोयत्याला ओलं हळद-कुंकू लावतात, वर ओली फुलं ठेवतात, आणि ते तसंच चार दिवस राहतं. कुंकवाच्या बोटाखाली गोल डाग पडतो तो कायमचा. पूजा झाली, आरती झाली की संध्याकाळी पातं कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचा हात फिरवावा. देवाला ते नक्की चालतं.

ऊसतोड सुरू झाली की फडात कोयता पाहावा. पातं चांदीसारखं लखलखत असतं. उसाचा रस आंबट असतो, म्हणजे लोखंडाला तो खरं तर वाईट. पण दिवसभर उसावर घासून घासून गंजाला बसायला जागाच मिळत नाही. हंगाम संपला, कोयता कुडात खोचला, की पंधरा दिवसांत तो तपकिरी. नांगराच्या फाळाचंही तेच. कड्यांचं चिलखत रोज घालणाऱ्या शिपायाच्या अंगावर ते असंच राहत असे, कारण चालताना कडी कडीला घासते आणि चिलखत स्वतःच स्वतःला घासून काढतं. युरोपातल्या लोकांनी हीच युक्ती मुद्दाम वापरली: पिंपात वाळू घालायची, त्यात चिलखत टाकायचं आणि पिंप लोळवायचं. इंग्लंडमधल्या डोव्हरच्या किल्ल्यातल्या चौदाव्या शतकातल्या सामानाच्या यादीत चिलखत लोळवण्याचं असं एक पिंप नोंदलेलं आहे. जपान्यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्याकडची हवा आपल्या कोकणासारखी दमट, म्हणून त्यांनी कवचाच्या लोखंडी पट्ट्यांना झाडाच्या चिकापासून केलेल्या लाखेसारख्या रोगणाचे थरावर थर दिले आणि लोखंडाला हवाच लागू दिली नाही.

आमच्या गोळ्याचं काय करायचं? वाळूचं पिंप लोळवायला पोरं उत्साहानं तयार होती. पण कड्या एकमेकींना इतक्या धरून बसल्या होत्या की पिंपात त्या हलल्या नसत्या, बाहेरच्या तेवढ्या घासल्या गेल्या असत्या. कुणी म्हणालं, संडास धुवायचं ॲसिड आणू. ते मी हाणून पाडलं. हायड्रोक्लोरिक ॲसिड गंज घटकेत खातं, पण तिथं थांबत नाही, लोखंडही खातं. वर त्यातला क्लोराइड फटीत उरतो, आणि धुतलेलं चिलखत दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त तांबडं होतं. कडक पोलादाला तर ॲसिडातून सुटणाऱ्या हायड्रोजननं ठिसूळपणाही येतो.

उपाय उसातच होता. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत जुने ट्रॅक्टर आणि मोटारी दुरुस्त करणारे हौशी लोक गंजलेले भाग साखर कारखान्याच्या मळीत बुडवून ठेवतात, एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी. आठवडा-दोन आठवड्यांत गंज निघून जातो आणि धातू जवळपास तसाच राहतो. मळीत आणि ती आंबताना जी सौम्य आम्लं तयार होतात, ती लोहाच्या कणाला दोन्ही बाजूंनी धरतात, खेकड्यानं नांग्यांत पकडावं तसं; रसायनशास्त्रात या पकडीला जे नाव आहे ते ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीवरूनच आलंय. पकडलेला कण पाण्यात उतरतो. गंजातलं लोह आधीच सुटं व्हायच्या बेतात असतं म्हणून ते चटकन पकडलं जातं. आतलं घट्ट धातूचं लोखंड फार सावकाश. लिंबाच्या रसातलं सायट्रिक ॲसिडही असंच धरतं. सदऱ्यावरच्या डागाला लिंबू लागतं ते याचमुळं.

हे ज्ञान परदेशी मानायचं कारण नाही. आंध्रातले कलमकारी करणारे कारागीर कापडावरचा काळा रंग शतकानुशतकं असाच करत आलेत: गंजकं लोखंड, गूळ आणि पाणी मडक्यात घालून काही आठवडे आंबवायचं. गूळ आंबून आम्ल होतो, आम्ल लोखंड विरघळवतं, आणि ते पाणी हिरड्यानं भिजवलेल्या कापडाला लागलं की काळं होतं. त्यांना पाण्यात उतरलेलं लोह हवं असतं, आपल्याला मागं उरलेलं लोखंड. मडक्यात घडतं ते एकच.

साखर कारखाना उंबऱ्यावर असूनही मळी आणता आली नाही. मळीपासून दारू होते, त्यामुळं तिच्यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं. कुणीही डबा भरून न्यावा असा तो माल नाही. मग एका गुऱ्हाळातून पावसाळ्यात पाझरून काळा पडलेला, विकायच्या कामाचा न राहिलेला गूळ आणला आणि नऊपट पाण्यात विरघळवला. प्लास्टिकचा ड्रम, त्यावर झाकण, पण सैल, कारण आंबताना वायू निघतो.

त्याआधी तीन कामं केली. चिलखत घासलेटात रात्रभर ठेवलं, म्हणजे कड्या सुटल्या. मग भांडी घासायच्या साबणानं घासलेट धुऊन काढलं. तेलकट कडीला गुळाचं पाणी लागत नाही. आणि एक कडी कापून तपासली, तिच्यावर जस्ताचा मुलामा आहे का ते. हे फार महत्त्वाचं. बाजारात मिळणारी पांढरट, चमक मंद असलेली गॅल्व्हनाइज्ड तार असेल तर ती गुळाच्या पाण्यात, लिंबात, कशातच बुडवू नये. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवत असतं, आणि आम्ल पहिल्यांदा जस्तच खातं. तशा चिलखताला पांढरी भुकटी येते, ती नुसत्या ब्रशनं झाडावी. आमची तार साधी काळी होती.

तिसऱ्या दिवशी ड्रमवर फेस आला आणि वास सुटला, ताडीच्या दुकानामागून जाताना येतो तसा. रोज एकदा काठीनं चिलखत उचलून हलवायचं, एवढंच काम. सहाव्या दिवशी पाणी गडद काळपट झालं. नवव्या दिवशी बाहेर काढून नळाखाली धरलं, तेव्हा जोडाजोडातून काळा गाळ वाहिला आणि त्याखालून राखी रंगाची तार वर आली. पोरं पुढं आली. एकानं कडी हातात धरून वाकवली आणि म्हणाला, “काका, ही तर हलतीया की!” त्या आवाजात जे होतं, त्यासाठीच मी हे प्रकरण लिहायला घेतलं.

खरा धोका मात्र याच क्षणी असतो. गंज निघालेलं उघडं, ओलं लोखंड हवेत धरलं तर डोळ्यांदेखत केशरी होऊ लागतं. म्हणून पुढची सगळी तयारी आधीच हाताशी हवी. आम्ही चमचाभर धुण्याचा सोडा घातलेल्या बादलीत चिलखत बुचकळलं. सोडा उरलेलं आम्ल मारतो, आणि विम्ल पाण्यात लोखंड शांत राहतं. सिमेंटात गाडलेली सळई वर्षानुवर्षं टिकते ती याच गुणामुळं. साखर कारखान्यात बिगरहंगामात बॉयलर बंद ठेवतात तेव्हा आतलं पाणीही असंच विम्ल राखतात, नाहीतर बॉयलर पूर्ण कोरडा करून आत चुना ठेवतात म्हणजे तो ओल पिऊन घेतो. सोड्यानंतर बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यानं शेवटचं धुणं, आणि तेही कढत. कढत पाण्यानं लोखंड तापतं आणि आपल्याच उष्णतेनं वाळतं. मग शेजारच्या ट्रॅक्टर गॅरेजातल्या हवेच्या नळीनं जोडाजोडातलं पाणी उडवलं, आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावर पाऊण तास पसरलं.

तेल कोणतं लावायचं, यावर घरात चार मतं निघाली. खोबरेल हाताशी असतं, पण ते खवट होतं, आणि खवटपणा म्हणजे पुन्हा आम्लच. जवसाचं तेल वाळून कातडीसारखा थर धरतं. पत्र्याला, फाळाला ते उत्तम, पण कड्यांच्या चिलखताला नको, जोड चिकटतात. आणि जवसाचं तेल लागलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. आपल्या कोरडवाहू मुलखातल्या करडईचं तेल खूप आटवून, काळं चिकट करून मोटेच्या कातड्याला आणि नाड्याला चोपडायची जुनी रीत होती, पाण्यात राहणाऱ्या वस्तूंना पाणी लागू नये म्हणून. आम्ही शेवटी शिलाई मशिनचं पातळ तेल निवडलं. ते पातळ असल्यानं फटीत शिरतं, खवट होत नाही. त्यावर कड्या हलवून हलवून जास्तीचं तेल पुसून काढलं, कारण तेलाला धूळ चिकटते आणि धूळ ओल धरते.

हे सगळं केलं ते चार-दोन वर्षांपूर्वी वळलेल्या तारेवर. कुणाच्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं खरं चिलखत, जिरेटोप, दांडपट्टा असेल, तर यातलं जवळपास काहीच करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. खऱ्या जुन्या वस्तूवर सोन्या-चांदीची कोफ्तगिरी, म्हणजे तारेची जडणनक्षी, असू शकते, गंजाच्या थराखाली अक्षरं असू शकतात, पोलादाच्या पात्यावर जौहर, म्हणजे पोलादातलीच लहरी नक्षी, असू शकतो, आणि पॉलिश पेपरचे चार हात हे सगळं पुसून टाकतात. लोखंडी आणि पितळी कड्या मिळून नक्षी केलेली गंगा-जमुना चिलखतं असतात. पितळेशेजारचं लोखंड विजेच्या न्यायानं जास्त गंजतं, आणि ओल्या उपायानं तो वेग वाढतोच. आतलं अस्तर, चामड्याच्या वाद्या पाण्यानं जातात त्या वेगळ्या. जुन्या पोलादावरचा काळसर-तपकिरी, घट्ट, बोटाला न लागणारा थर शत्रू नाही. तो बऱ्याचदा खालच्या धातूला राखत असतो. बोटाला भुकटी लागते तो केशरी गंज तेवढा जिवंत समजावा, आणि तोही मऊ ब्रश आणि थोड्या तेलानं जितका सुटेल तितकाच काढावा. चकाकी आणायच्या हट्टापायी आपल्या महाराष्ट्रात घराघरांतल्या तलवारी ग्राइंडरवर धरल्या गेल्या, हे पाहून मला फार वाईट वाटतं. गंजानं शंभर वर्षांत जे नेलं नसतं, ते ग्राइंडर पाच मिनिटांत नेतो.

संग्रहालयात काम करणारे लोक लोखंडावर टॅनिक ॲसिड वापरतात. ते गंजाशी जुळून निळसर-काळा, स्थिर थर करतं. हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत हेच द्रव्य असतं. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, यांच्या मेळातूनही आपल्याकडं काळी शाई व्हायची. ती शाई आणि राखलेल्या लोखंडावरचा काळा थर ही रसायनाच्या दृष्टीनं सख्खी भावंडं. संग्रहालयं त्यावर शुद्ध केलेल्या मेणाचा पातळ हात देतात. मधमाश्यांच्या मेणात थोडी आम्लं असतात म्हणून आता खनिज मेण पसंत करतात. अमात्यांच्या तेल-मेणाचीच ही पुढची पायरी. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रं आणि कवचं काचेआड दिसतात, तिथं गेलात तर चकाकीपेक्षा त्या काळ्या, शांत पोताकडं नीट पाहावं. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंना १९७२ चा पुरावशेषांचा कायदाही लागू होतो, तेव्हा कामाला हात घालण्याआधी जाणकाराला विचारलेलं बरं.

शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे ज्या लढाईत पडले ती इंदापूरची. भवानीनगरहून इंदापूर मोटारीनं तासाभराच्या आत. त्या लढाईत मातीत पडलेल्या किती कड्या, किती पाती या काळ्या रानात तेव्हापासून विरघळत आली असतील आणि कुणाच्या नांगरालाही लागली नसतील.

मंडळाचं चिलखत आता गोणीत जात नाही. एका खोलीत भिंतीपासून वीतभर पुढं बांबूच्या आडव्या काठीवर सुती चादरीखाली ते टांगलेलं असतं, म्हणजे हवा सगळीकडून फिरते. पावसाळ्यात महिन्याला एकदा पोरं ते काढून झटकतात आणि तेलाचा हात फिरवतात. पाळी कुणाची ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेलं असतं. गेल्या शिवजयंतीला मिरवणूक संपल्यावर ते घातलेला पोरगा घरी जायच्या आधी माझ्याकडं आला. चिलखत त्यानं पुसून काठीवर टांगलं होतं आणि सदरा दाखवायला आणला होता. गळ्याशी कड्यांच्या ओळींचे फिकट राखी ठसे होते, तेलाचे. तांबडा एकही नव्हता.